दुपारचा कोरा कागद

धोंडीबाला हवेतलं कळतं, असं भोसरीतली आमची अख्खी गल्ली मानायची. एका लॅबचं हवा तपासायचं मशीन तो गल्लीतल्या एका वर्कशॉपच्या गच्चीवर लावायचा. मी त्याच लॅबची गाडी चालवतो. मशीन हवा ओढतं, धूळ गोल कागदावर बसते. कागदामागे पांढरा फोम असतो. ती मशीनची गादी, असं धोंडीबानं परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारेल तर शपथ!

थंडीत सकाळचा कागद काळाकुट्ट निघायचा, उन्हाळ्यात दुपारचा जवळजवळ कोरा. त्यावरून दुपारची हवा साफ असं धरून त्यानं बायकोची, केसरबाईची, शिफ्ट बदलून घेतली. ती त्याच गल्लीत रबर तापवून दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होती. सुपरवायझरच्या हातापाया पडून त्यानं तिला दुपारची शिफ्ट मिळवून दिली. सहा वर्षं ती भर दुपारी, तोंडाला रुमालसुद्धा न बांधता, तिथे राबली. "आमच्या ह्यांनी हवा बघून दिलीया," असं कौतुकानं सांगायची.

गेल्या वर्षी तिला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला.

या मार्चमध्ये लॅबमध्ये नव्या आलेल्या तनुजा मॅडम धोंडीबावर चिडल्या. त्यानं फोम गाडीत उन्हात टाकला होता.

"काका, हा बर्फाच्या पेटीत ठेवायचा. धुरातली काही विषं थंडीत धुळीला चिकटतात, म्हणून कागदावर सापडतात. ऊन तापलं की त्यांची वाफ होते आणि ती कागदातून आरपार जाते. मग फोममध्ये अडकते, पण डोळ्यांना दिसत नाही."

"मंजी कोरा कागद निघाला तरी..."

"तरी हवा साफ असं नाही."

मी त्याला गाडीतून घरी सोडायला निघालो. आजार त्यामुळेच झाला हे कुणी सांगू शकत नाही, असं मी दहादा म्हणालो. तो ऐकतच नव्हता.

घरी त्याची भाची प्राजक्ता राजगुरुनगरहून आली होती, सोमवारपासून त्याच प्रेसवर लागणार होती. केसरबाई उशीला टेकून, धापा टाकत तिला सांगत होती, "दुपारचीच शिफ्ट घे गं. तुझ्या मामानी पारखलीया."

धोंडीबा दारातच थांबला. गप्प बसावं, तर पोरगी त्याच हवेत जाणार होती.

"न्हाई प्राजे, माझं चुकलं. दुपारच्या हवेत विख व्हतं, दिसत न्हवतं. म्याच हिला तिथं उभी केली." एवढं बोलून तो उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला.

केसरबाईनं धाप आवरत त्याच्याकडे मान वळवली.

"मी गेल्यावर सांगायचं व्हतं की ओ," ती म्हणाली.