सुंठ-गुळाचं पाणी आणि वेगळी कपबशी

बाबांचं दूध बंद झालं ते गेल्या दिवाळीनंतर. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं, "या वयात काहींना दूध पचत नाही. चहातलंसुद्धा नको." बाबा बुलढाण्याला माझ्याकडे राहायला आले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आई गेल्यावर एकट्यानेच राहीन असा हट्ट त्यांनी धरला होता. मी त्यांच्याहून मोठा हट्ट धरला. घरात शेवटी माझंच चालतं, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

दूध बंद म्हणजे चहा बंद, आणि चहा बंद म्हणजे बाबा दिवसभर तोंड पाडून बसणार. मग मी कंबर कसली. आधी शेंगदाणे भिजवून वाटले, गाळले, त्यात वेलदोडा घालून उकळलं. बाबांनी एक घोट घेतला, ग्लासात वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे प्यायचं का भाकर चुरून खायचं वं?" मग तीळ भाजून वाटले, ते कडू झालं. घरातली मंडळी माझ्या प्रयोगांच्या वेळेला बरोबर बाहेर कामं काढू लागली.

शेवटी मी दुधाचा नाद सोडला. सुंठेचा तुकडा, चार मिरे, दोन लवंगा, थोडी बडीशेप खलबत्त्यात भरड कुटायची. पाण्याला उकळी आली की ते टाकायचं, गच्चीवरच्या कुंडीतली गवती चहाची पात वरून तोडून घालायची, आणि पाणी आटून रंग धरेपर्यंत मंद आचेवर ठेवून द्यायचं. गूळ शेवटी. झाकण ठेवून जरा मुरू द्यायचं. दूधच नाही, त्यामुळे गूळ घातला म्हणून फाटायची धास्ती नाही. बाबांनी पहिल्यांदा ते प्यायलं तेव्हा घशातून 'हां' असा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. महिन्याभरात आम्ही सगळेच स्टीलच्या ग्लासातून तेच प्यायला लागलो.

एकच अडचण होती. देऊळघाटचे काका.

काका म्हणजे बाबांचे दोस्त. दोघे एकाच शाळेवर मास्तर होते. काकांची शेती, घरची म्हैस. दर बाजाराच्या दिवशी एसटीने बुलढाण्याला यायचे आणि येताना बरणीत दूध आणायचे. त्या दुधाचा चहा करायचा, दोघांनी तो बशीत ओतून प्यायचा, शाळेतल्या त्याच त्या गोष्टींवर हसायचं आणि काकांनी दुपारच्या गाडीने परत जायचं. डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच्या पहिल्या बाजारी बाबांनी निमूट तो चहा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोट धरून पडून राहिले. पुढच्या बाजारी पुन्हा तेच.

मी भडकले. "सांगून टाका ना त्यांना! दोस्त आहेत की सावकार?"

"तू गप बस. त्याच्या चहाले मले नाही म्हणता येत नाही."

"काऊन?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. आम्ही बौद्ध. बाबा नोकरीला लागले ते देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यातल्या शाळेत. त्या गावात मास्तर म्हणून नमस्कार मिळायचा, पण चहा दाराबाहेर मिळायचा, कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपबशीत. प्यायचा, आपणच विसळायची, पुन्हा कोनाड्यात ठेवायची. काका त्याच शाळेवर. पहिल्याच सुट्टीत ते बाबांना हाताला धरून देऊळघाटला आपल्या घरी घेऊन गेले, थेट चुलीपाशी बसवलं. काकांची आई घटकाभर चुलीतली लाकडं सारत राहिली. मग तिने घरातल्या कपात चहा ओतला आणि बाबांच्या हातात दिला. "तो चहा प्यालो अन रडू आलं मले," बाबा म्हणाले. "त्या घरच्या दुधाले आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

त्या चहाचं मोल मला कळलं. पण बाबांनी दर आठवड्याला पोट धरून तळमळायचं, हेही मला बघवेना. मी तोड काढली. काकांना त्यांच्या दुधाचा चहा कपात द्यायचा आणि बाबांना आमचं सुंठ-गुळाचं पाणी स्टीलच्या ग्लासात. स्टीलमधलं कुणाला दिसतंय? बाबा कुरकुरले, पण पोटापुढे त्यांचं काही चाललं नाही. मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. दुधाचं पातेलं वेगळं काढलं, गाळणी वेगळी, एक कपबशी वेगळी. सगळं धुऊन खिडकीतल्या फळीवर. त्यातला थेंबही बाबांच्या भांड्यांना लागायला नको.

सगळा थंडीचा मोसम हे छान निभलं. बाबांचं पोट शांत झालं, काका खूश, आणि मी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश.

मग एका बाजारी चहा झाल्यावर काका कप विसळायला आत आले. त्यांची ती सवयच होती, नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. मी खाली बसून सुंठ कुटत होते. त्यांनी विचारलं, "कुठी ठेवू पोरी?"

मी मान वर न करता म्हटलं, "तिकडं खिडकीत ठेवा काका, तुमची वेगळी ठेवलीय."

काकांनी कप खिडकीत पालथा ठेवला, बशी त्याच्या शेजारी ठेवली, बाहेर जाऊन बाबांना "येतो गड्या" म्हटलं आणि दुपारच्या गाडीची वाट न बघता निघून गेले. मी सुंठ कुटतच होते.

पुढच्या बाजारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाबांनी फोन केला तर म्हणाले, वावरात कामं हायेत. बाबा बेचैन. सारखे दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी मला म्हणाले, "त्या दिवशी तो आत गेला होता. काही बोलली का तू त्याले?"

"मी कशाला बोलू? कप कुठं ठेवू म्हणाले, मी म्हटलं खिडकीत, तुमची वेगळी..."

बाबांनी हातातला ग्लास खाली ठेवला. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "आपल्या घरात? वेगळी कपबशी?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती कोनाड्याची गोष्ट मी याच स्वयंपाकघरात त्यांच्या तोंडून ऐकली होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही देऊळघाटला गेलो. काका ओसरीवर तुरी निवडत बसले होते. त्यांनी "ये" म्हटलं, पण उठले नाहीत. काकूंनी रिवाजाप्रमाणे आधी पाणी दिलं आणि लगेच चहा आणला, दाट, दुधाचा, कपात. बाबांनी कप हातात घेतला. मला वाटलं, हे पुन्हा पिणार. त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

"मले दूध चालत नाही गड्या. दिवाळीपासून बंद हाय. ग्लासात मी सुंठीचं पाणी पेत होतो. तुले कळू नये म्हणून. दुधाचा थेंब लागू नये म्हणून या पोरीनं भांडे वेगळे केले. तुह्यासाठी नाही, माह्या पोटासाठी."

काकांच्या हातातल्या तुरी तशाच राहिल्या. ते म्हणाले, "मले काय वाटलं सांगू? वाटलं, आता माही पाळी आली. अन घरी येतानी एसटीत मनाशी म्हटलं, हक्क हाय त्याचा. आपल्या लोकायनं त्याले कमी पाजलं का कोनाड्यातून?"

"काहीबाही बोलू नको," बाबा म्हणाले.

"मंग सांगितलं काऊन नाही मले? पोट दुखेपर्यंत पेत राह्यला!"

"तुह्या मायनं घरात बसवून देला होता चहा. त्याले नाही कसा म्हणू?"

आता मात्र काका उठले. "माय जाऊन किती वर्सं झाले! अन तू आजून तिचा मान ठेवून पेऊन राह्यला? म्हणजे इतक्या वर्सात तू या घरात पाहुनाच राह्यला का बे?"

मला वाटलं होतं की काकांचा गैरसमज दूर केला की झालं. ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. बाबा या घरात चाळीसेक वर्षं येत होते, आणि इतकी वर्षं ते जपून वागत आले होते.

काकांनी तो कप उचलून काकूंच्या हातात दिला. "हे घेऊन जाय. अन याले काय पायजे ते इचार."

काकू गोंधळून बाबांकडे बघू लागल्या. बाबा माझ्याकडे बघू लागले. मीच उठले आणि काकूंबरोबर आत गेले. सुंठ नव्हती, आलं होतं. मिरे होते. गवती चहा परसात होता. काकूंनी गूळ फोडून दिला आणि म्हणाल्या, "यात दूध नाही म्हणजे गोड तरी कसं लागते वं हे?" मी म्हटलं, बघा तर खरं. चौघांपुरतं केलं आणि ग्लासांत ओतून बाहेर नेलं. काकांनी फुंकर मारून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तरी पीत राहिले.

बाबांनी घोट घेतला. आजपर्यंत या घरात त्यांनी कधी साखर जास्त झाली म्हटलं नव्हतं, कमी झाली म्हटलं नव्हतं, दुसरा कप मागितला नव्हता, समोर आलेला खाली ठेवला नव्हता. आता त्यांनी काकूंपुढे ग्लास धरला.

"वहिनी, गूळ कमी झाला. आजून टाका."