लाईन गेली होती

माझा मोठा भाऊ एकदाच माझ्यामुळे हरला आणि ते त्याला ठाऊक नाही, असं मी तीस वर्षं धरून चालले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल, बाई फार खरी आहे. नाही हो. चोर मीच.

यंदा दादाची बायपास झाली. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर खूश, घरचे खूश, फक्त पेशंटचा पत्ता नाही. सौंदडच्या घरी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्याकडे बघत राहायचा. धानाची कापणी वहिनीने माणसं लावून उरकली, हा शेतातल्या बांधीपर्यंतसुद्धा गेला नाही. शेवटी वहिनीचा फोन आला. "ताई, तुमचे भाऊ बोलूनच नाही राहिले. जेवा म्हटलं तं जेवते, झोपा म्हटलं तं झोपते." मी म्हटलं, पाठवा इकडे गोंदियाला. माझ्या घरी कोणी गप्प बसून दाखवावं.

त्याने दाखवलं. चार दिवस. "बातम्या लावू?" "लाव." "बंद करू?" "कर." मी शाळेत साठ पोरांना गप्प करते, पण एका माणसाला बोलतं करता येईना. त्याच्या औषधाच्या गोळ्या हातावर ठेवताना मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा. मी भांडी आपटायची. तो तिकडेही बघायचा नाही.

माझी मुलगी पुण्याला शिकते. तिचं गेम खेळायचं यंत्र टीव्हीखाली धूळ खात पडलेलं आहे. मी त्याला डबा म्हणते, ती म्हणते, "आई, कन्सोल म्हण गं." तिला फोनवर मामाचं रडगाणं सांगितलं तर ती म्हणाली, "त्यावर आता जुने गेम पण आलेत, तुमच्या काळातले. डाउनलोड कर आणि मामाला दे." तुमच्या काळातले म्हटल्यावर मला आधी राग आला आणि मग मी घाईने फोन ठेवला. कारण आमच्या काळातला गेम एकच होता, आणि त्याचं काय झालं ते फक्त मला माहीत होतं.

मी बारा वर्षांची होते, दादा सोळाचा. आमच्या नागपूरच्या मामाने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. देताना म्हणाला, "दोघं मिळून खेळा." मामा गेला आणि दोघं मिळूनचा विषय संपला. दादा खेळायचा, मी बघायची. कधीतरी "दे नं रे" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "थांब वो बाई, एवढी एक लाईफ." त्याची ती एक लाईफ संपायचीच नाही, तोवर आई हाक मारायची, पाणी भर, कणीक मळ, भांडी घे. आई-बाबा दिवसभर शेतात. घरातलं सगळं माझ्याकडे होतं, कारण मी मुलगी होते. तेव्हा हे कोणाला खटकत नसे. मला खटकायचं, पण मला विचारतो कोण?

गेममध्ये एक ठेंगणा माणूस होता, हातात कंदील. तो एका उंच बुरुजावर माळ्यामागून माळा चढत जायचा. बत्तीस माळे. गेमचं खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही, कॅसेटवरचा कागद फाटलेला होता. आम्ही त्याला बुटका म्हणायचो. मधेच थांबवून उद्या पुढे खेळायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती. लाईन, म्हणजे वीज, गेली की बुटका गेला, चढलेले सगळे माळे गेले, पुन्हा पहिल्यापासून. आणि लाईन तर त्या काळात दिवसातून चारदा जायची.

आमच्या घराची मागची भिंत आणि राईस मिलची भिंत एकच होती. सुगीनंतर मिल सकाळपासून जी धडधडायची ती दिवेलागणीपर्यंत. फळीवरच्या वाट्या वाजायच्या, पाण्याच्या पितळी गुंडावर कोंडा बसायचा. पाहुणे विचारायचे, तुम्ही या आवाजात राहता कसे? आम्ही विचारायचो, कोणता आवाज?

त्या रविवारी दादा एकतिसाव्या माळ्यावर पोचला. गावात आणखी दोघांकडे तसाच सेट होता, पण एकतीस कोणी पाहिला नव्हता. तेवढ्यात शेतावर शिदोरी न्यायची वेळ झाली. स्वयंपाक मी केला, डबा मी बांधला, नेऊन द्यायचं तेवढं त्याचं काम. त्याने बुटक्याला थांबवून ठेवलं, टीव्ही तसाच सुरू ठेवला आणि दारातून मला बजावलं, "हात लावजो नोको."

रविवार माझा ठरला होता. आदल्या रविवारी त्याने स्वतः कबूल केलं होतं. मी राखेचे हात घेऊन त्या टीव्हीसमोर उभी राहिले. बुटका एका पायावर अधांतरी थांबलेला. मला खेळायचं नव्हतं. मला फक्त ते बंद व्हायला हवं होतं. मी भिंतीवरचं बटन बंद केलं. लगेच घाबरून चालू केलं, तर बुटका खाली, पहिल्या माळ्यावर, कंदील हलवत नाचतोय. मी पुन्हा चुलीजवळ जाऊन भांडी घासायला लागले. किती वेळ घासली देव जाणे.

दादा आला. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान वर न करता म्हटलं, "लाईन गेली होती."

तो दारात काही वेळ तसाच उभा राहिला. मग "जाऊ दे" म्हणाला. मारलं नाही, ओरडला नाही. संध्याकाळी बाबांनी विचारलं, आज खेळ बंद कसा, तर त्यानेच सांगितलं, लाईन गेल्ती. त्यानंतर त्याने तो सेट हातात घेतला नाही. पुढे पत्ते नाही, कॅरम नाही, पोरांबरोबर क्रिकेटही नाही. अभ्यास, शेती, लग्न, कर्ता माणूस. त्याचं हसणंखेळणं मी एका बटनाने बंद केलं, असं माझ्या मनाने घेतलं ते घेतलंच. मीसुद्धा त्या सेटकडे फिरकले नाही. कोणत्या तोंडाने खेळणार होते? आईने तो पत्र्याच्या पेटीत टाकला.

तर आता हा बायपास झालेला माणूस माझ्या सोफ्यावर बसला होता आणि मी भर दुपारी चष्मा लावून त्या डब्यात बुटका शोधत होते. नाव माहीत नसलेला गेम शोधणं काय असतं ते मला विचारा. शेकडो जुने गेम, एकेक चित्र बघत जायचं. दीड तासाने कंदील दिसला. एवढासा बुटका, तसाच एका पायावर. डाउनलोड व्हायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.

सुरू करण्याआधी डब्याने विचारलं, चित्र जुन्या टीव्हीसारखं हवं का? हो म्हटलं तर पडद्यावर आडव्या रेघा आल्या. मला हसूच आवरेना. या रेघा घालवायला दादा कौलावर चढून अँटेना फिरवायचा आणि मी खालून ओरडायची, आल्या, गेल्या, परत आल्या! आता त्याच रेघा मुद्दाम घालून देतात.

दादा रेघांकडे बघत होता. मग सरळ होऊन बसला. "बुटका नं वो हा?"

चार दिवसांतलं त्याचं पहिलं आपणहून बोलणं. मी रिमोट त्याच्या हातात दिला. बोटांना सगळं आठवत होतं. तिसरा माळा, सातवा, बारावा. मधे एकदा मेला तर मी त्याला नवीन सोय दाखवली. एक बटन दाबलं की खेळ मागे जातो, मरायच्या आधी, हवा तिथे. त्याने एकदा दाबून पाहिलं, बुटका उलटा चालत मागे आला. "मंग मजा काय रायली?" म्हणाला आणि परत दाबलं नाही. चहा थंड झाला. मी शेजारी बसून बघत होते, बारा वर्षांची असताना बघायची तशीच.

विसाव्या माळ्यावर मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी लाईन गेली नव्हती. मी बटन बंद केलं होतं."

"मले मालूम हाय," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"कसं मालूम?"

"लाईन गेली असती तं मिल बंद पडली असती नं. मी दारात उभा राहिलो तं मिल धडधडून राहिली होती."

तीस वर्षं. तीस वर्षं मी त्या भिंतीकडे पाठ करून खोटं सांभाळत बसले आणि मला मिल आठवली नाही!

"मग बोलला का नाहीस? दोन थोबाडीत द्यायच्या होत्या!"

त्याने बुटक्याला थांबवलं. "शिदोरी घेऊन गेलो तं आई बाबाले म्हणे, पोरीचा हात बसला आता सैपाकाले. बारा वर्षांची होतीस तू. वाटभर तेच डोक्यात होतं. घरी येतो तं तू राखेत हात घालून बसली. कायले मारू? म्हटलं, बस झालं आपलं, आता तिची खेळायची पाळी. म्हणून मी हात नाही लावला. तुझ्यासाठीच ठेवला होता नं सेट. तू बी नाही खेळली."

मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारीण दारात येऊन गेली. अरे, हे तोंडाने सांगायचं असतं! पाळी दिली तर दिली म्हणायचं असतं! मला वाटत राहिलं की मी तुझं खेळणं मोडलं, आणि तू? तो हसत होता. छातीवरच्या टाक्यांवर हात धरून, जपून, पण हसत होता. मी मात्र पदराने डोळे पुसत होते आणि थांबता येत नव्हतं.

"घे," म्हणाला आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"तुझा विसावा माळा आहे, जाईल."

"जाऊ दे."

मी दोन बटनांत बुटक्याला मारलं. पुन्हा पहिल्या माळ्यापासून सुरू केलं, तिथेही मारलं. दादाला राहवेना. तो पुढे वाकला, हात पुढे केला, "अवो तशी उडी नाही मारत, आण इकडे, मी दाखवतो..."

"हात लावजो नोको," मी म्हटलं.

त्याने हात मागे घेतला. थोडा वेळ माझं खेळणं बघितलं, मग सोफ्याचा आधार घेत उठला, दोन्ही कप उचलले आणि आत गेला. मी दुसऱ्या माळ्यावर होते, तेव्हा स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आणि भांडी घासायचा आवाज सुरू झाला.