लाल ज्योत

फोन मनोहरभाऊंच्या घरून होता. "शोभाताई, हे गेले... सकाळी चहा पिता पिता," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "तेरवीची पत्रिका तुमीच करा. त्यांच्याच तुकड्यांतून."

बूढापाऱ्यातल्या आमच्या छपाईच्या दुकानात भाऊ कॉम्प्युटरवर पत्रिकांची मांडणी करायचे. तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालेलं; उद्घाटनाच्या निमंत्रणात सकाळी एका खात्याचं नाव, दुपारी दुसऱ्याचंच. दरवेळी सगळं नव्यानं कोण मांडणार? म्हणून भाऊंनी तोरण, वेल, दिवा, फोटोची चौकट असे तुकडे एकदाच रेषांनी काढून ठेवले. कितीही मोठे करा, कडा फाटायच्या नाहीत. मूळ तुकडा बदलला की ज्या ज्या पत्रिकेत तो असेल तिथे आपोआप बदलायचा. आम्ही जाम खूश होतो.

एकदा शोकपत्रिकेसाठी भाऊंनी मूळ दिव्याचीच ज्योत काळी केली, आणि छपाईच्या रांगेतली एक लग्नपत्रिका काळ्या ज्योतीनं छापून निघाली. मुलीचे वडील गठ्ठा घेऊन दारात उभे. "माह्या पोरीच्या पत्रिकेवर असा दिवा? काहून हो, भैया?" पत्रिका पुन्हा छापल्या, लग्न सुरळीत झालं. तरी पुढं कितीतरी वर्षं भाऊ ओळखीच्यांना विचारत, "ते पोट्टी बरी आहे ना?"

त्यानंतर त्यांनी प्रत्येक पत्रिकेला तिचे स्वतःचे तुकडे दिले, मुळाशी धागा तोडून. म्हणायचे, "जुडून राहिले की एकाचं सुतक दुसऱ्याले लागते." तरी प्रत्येक शोकपत्रिकेनंतर रांगेतली लग्नं उघडून ज्योत बघायचेच. मी चिडवायची, "अलग केले न सगळे? मंग काय पाहून राहिले?"

"हव. पण पाहू द्या ना, ताई."

फोन आला त्या दिवशी मी चौकटीत त्यांचा फोटो टाकला. बरोब्बर बसला... त्यांनीच तशी केली होती ती. दिव्याची ज्योत काळी केली. भाऊंनी मांडलेली शेवटची लग्नपत्रिका थोड्या वेळात मशीनवर चढायची होती. काही चुकलं असलं तर सावरायला आता भाऊ नव्हते. मी ती उघडली.

ज्योत लाल होती. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

महिना उलटून गेला. शोकपत्रिका झाली की मीही रांगेतली लग्नं उघडून बघते. दुकानातले हसतात, "अब क्या देख रही हो, दीदी?" मी म्हणते, पाहू द्या ना.