आईच्या मांडीवरची टाळी

परवा संगमनेरच्या दवाखान्यात माझ्या नवजात नातीचे कान तपासले. नर्सने कानात मऊ बूच बसवलं, यंत्राने बारीक आवाज सोडला आणि कानाने त्याहून बारीक आवाज परत पाठवला. धडधाकट कान स्वतःच असा आवाज करतो म्हणे. नात झोपलेलीच होती. भाषण नाही, नारळ नाही, मिनिटभरात काम झालं. घरचे खूश होते. मला मात्र वहिनी आठवल्या आणि तोंड कडू झालं.

एकाहत्तर-बाहत्तरचं साल असेल. आमच्या गावात कानांच्या तपासणीचं शिबिर भरलं. प्रमुख पाहुणे दुपार टळल्यावर आले. मग हार, सत्कार, सत्काराला उत्तर. बहिऱ्या पोरांच्या मांडवात दोन कर्णे लावले होते. दिवस कलताना डॉक्टरांच्या वाट्याला सगळी पोरं आली. त्यांनी झटपट रीत काढली. पोर आईच्या मांडीवर, स्वतः पाठीमागे, आणि जोरात टाळी. पोर हललं की कान शाबूत.

वहिनींची मुलगी वर्षाची होती. शेजारी हंडा पडला तरी तिची झोप मोडत नसे, म्हणूनच वहिनी आल्या होत्या. टाळी वाजली आणि वहिनीच दचकल्या. मांडी हलली तशी पोरीने मान वर करून आईकडे पाहिलं.

"छान ऐकते!" डॉक्टर म्हणाले. पाहुण्यांनी गाल थोपटून फोटो काढून घेतला.

"डाक्तरसाहेब, मीच हालले वो. परत एकदा बघा ना."

"गप ऱ्हा," माझी आई म्हणाली. "एवढा शिकलेला मानूस चुकन व्हय?"

आधी वहिनीच हलल्या हे मीही पाहिलं होतं, तसं बोललोही. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तू कवा झाला रं डाक्तर?"

पुढे वहिनींनी विषय काढला की एकच उत्तर मिळे: "तुझा नवराबी उशिराच बोलला." पोरगी चार वर्षांची झाली तेव्हा वहिनींच्या भावाने दोघींना पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी वहिनींना खोलीबाहेर बसवलं. पोरीला परक्या नर्सच्या मांडीवर देऊन मागून घंटा वाजवली. पोरगी नर्सच्या बटणाशी खेळत राहिली.

"जन्मापासूनचं दिसतंय," बाई म्हणाल्या. "तेव्हाच कळलं असतं तर यंत्र लावून बोलायला शिकवता आलं असतं. आता फार कठीण."

घरी आल्यावर वहिनींनी सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शिबिरात चारशे मानसांदेखत ऐकत हुती पोरगी. तवा पाहुन्यांनी काय खोटं केलं का? मधीच तू कायतरी खाऊ घातलं आसशील."

वहिनी उठून चुलीपुढे जाऊन बसल्या. माझा भाऊ गोठ्याकडे निघून गेला. मी बोललो, त्याचा उपयोग झाला नाही. पोरगी मुकीच राहिली आणि तिचं बहिरेपण कायमचं आईच्या नावावर लागलं. वहिनी गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या बायका ओसरीवर तेच कुजबुजत होत्या. त्यांच्या शेजारी ती मुलगी सगळ्यांना पाणी देत होती.