डावा खांब

आमच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांना मी बावीस वर्षं ओळखतो. त्यांच्या हातात ते पत्र मीच दिलं, लिहिलंही मीच, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

ते बस चालवायचे. एकच डेपो, बत्तीस वर्षं. माणूस अबोल, पण एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवताही यायचा नाही: त्यांच्या बसला कधी ओरखडा गेला नाही. डेपोचं फाटक इतकं अरुंद होतं की दोन्ही बाजूंना जेमतेम चार बोटं जागा उरायची. नवे ड्रायव्हर तिथे घाम पुसत बस आत घ्यायचे. हे कंडक्टरशी बोलता बोलता घ्यायचे. डेपोतला रंगारी त्यांना म्हणे, तुमच्यासारखे चार असते तर माझी नोकरी गेली असती. हा किस्सा ते वर्षातून एकदा तरी सांगायचे, आणि आम्ही दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं हसायचो.

निवृत्त झाल्यावर चार वर्षं त्यांनी काहीच केलं नाही. सकाळी फिरून यायचं, पेपर वाचायचा, दुपारी बाहेरच्या कठड्यावर बसायचं. मग एके दिवशी ते तळ्याकाठच्या गावातून एक बोट घेऊन आले. सतरा फुटी, फायबरची, जुनी पण धडधाकट, ट्रेलरवर चढवलेली. आमची सगळी आळी बघायला बाहेर आली. त्याच दिवशी कुणीतरी त्यांना ‘कप्तान’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. स्वभावाने सरळ. त्यांनी आधी बोटीकडे पाहिलं, मग गॅरेजकडे.

“अहो, ही आत जायची का?”

“जाईल.”

“मोजलंत?”

मोजलं होतं, पण विकणाऱ्याच्या अंगणात बोट गवतावर उतरवलेली होती तेव्हा. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंचीही मोजली. ट्रेलरची चाकं मात्र त्यात धरली नव्हती. कप्तानांनी खिशातून टेप काढला. गॅरेजच्या दाराची उंची सहा फूट सात इंच. ट्रेलरवरची बोट सात फूट एक. त्यांनी टेप गुंडाळून परत खिशात ठेवला आणि बोटीवर ताडपत्री घातली.

बोट का घेतली, हे त्यांनी कुणाला नीट सांगितलं नाही. वहिनींना एवढंच म्हणाले की आयुष्यभर दर चारशे पावलांवर थांबा होता, आता जिथे थांबे नाहीत असं काहीतरी चालवायचंय. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट इतक्या वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच काही मागितलं, याचं त्यांना कौतुक वाटत असावं.

बोट रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आमच्या वसाहतीचा नियम होता की ट्रेलर महिन्याहून जास्त दिवस रस्त्यावर ठेवायचा नाही. वसाहतीच्या समितीचा सचिव मी. तसं पाहिलं तर त्या बोटीचा कुणाला त्रास नव्हता. मला होता. माझी गाडी बाहेर काढताना मला दोनदा पुढे-मागे करावं लागायचं. मी नियमाचा क्रमांक घालून, ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे’ वगैरे मजकुराचं पत्र लिहिलं आणि नव्वद दिवसांची मुदत दिली. नव्वद म्हणजे मनाचा मोठेपणा, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी कप्तान ते पत्र हातात घेऊन माझ्या दारात आले. मला वाटलं, आता भांडतील. पण मुदतीच्या आत बोट आत असेल, काळजी करू नका, एवढंच सांगून ते गेले. तळ्याकाठी बोटी ठेवायची जागा मिळते, पण तिथे दोन वर्षांची प्रतीक्षायादी होती, हे मला नंतर कळलं.

मग कामाला सुरुवात झाली. कोपऱ्यावर एका वेल्डरचं वर्कशॉप आहे. चाळिशीचा, अंगाने आडवा, मोठ्याने हसणारा माणूस. त्याला बोटीचं अतोनात वेड लागलं. दोघांनी आधी पुढची काच स्क्रू काढून उतरवली. तीन इंच गेले. चाकं बदलून लहान बसवली. दोन इंच. तरी एक इंच उरलाच, आणि टेकवून नेता येत नाही, वर थोडी मोकळी जागा तर हवीच. मग वेल्डरने डोकं लढवलं: चाकांचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली होता, तो पाट्यांच्या वर घेतला आणि अख्खी बोट आणखी साडेतीन इंच खाली बसली. त्या दिवशी दोघं जमिनीवर मांडी घालून बराच वेळ नुसते बोटीकडे बघत होते.

एवढ्याने भागलं नाही. गॅरेजकडे जाणारी वाट चढाची आहे. बोट मागच्या बाजूने आत घ्यायची, तर चाकं चढावर असताना तिचं मागचं टोक वर उचललं जायचं आणि इंजिनाचं डोकं वरच्या तुळईला लागायचं. तेव्हा इंजिन उतरवलं आणि त्याच्यासाठी वेगळी हातगाडी बनवली. आता उंचीचा प्रश्न मिटला. रुंदीचा नव्हताच. दोन्ही खांबांपासून सहा-सहा इंच मोकळे राहणार होते. चार बोटांच्या फाटकातून बस नेणाऱ्याला सहा इंच म्हणजे मैदान.

सत्तराव्या दिवशी त्यांनी गाडीला ट्रेलर जोडला, खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. मी माझ्या खिडकीत होतो. बोट सरळ चालली आहे असं वाटत असतानाच ती डाव्या खांबाला घासली.

ते उतरले. जागा पाहिली. म्हणाले, वाट डावीकडे उतरती आहे, ट्रेलर ओढला जातो. चार दिवस खपून त्यांनी वाटेवर सिमेंट घालून ती सपाट केली. पुन्हा गाडी मागे घेतली. पुन्हा तोच खांब. मग ते म्हणाले, खांबच कललेला आहे. ओळंबा लावून बघितला. खांब सरळ होता. ओळंब्याची दोरी हातात धरून ते तिथे इतका वेळ उभे राहिले, की वहिनी दोनदा दारात येऊन परत गेल्या.

तिसऱ्यांदा वेल्डर म्हणाला, काका, मी खांबापाशी उभा राहतो, हात वर करेन तेव्हा थांबायचं. गाडी मागे आली. वेल्डरने हात वर केला. गाडी थांबली नाही. तो ओरडला, दोन्ही हात हलवले, आणि शेवटी आत उडी मारून भिंतीला चिकटला. बोट खांबावर आदळली आणि फायबरचा हाताएवढा तुकडा खाली पडला. मी धावत रस्ता ओलांडला. वेल्डरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कप्तान उतरून त्याच्यावर चिडले. “सांगायचं नाही का?”

वेल्डरने हळूच विचारलं, “काका, मी कुठे उभा होतो?”

“आत.”

“मी खांबापाशी होतो. हात वर करून. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात.”

दारातून वहिनी म्हणाल्या, “तीन महिने मी बघतेय. टेबलाच्या डाव्या कडेला कप ठेवता तो खाली पडतो. दाराला खांदा लागतो. मला वाटलं, वय झालं.” आणि त्या आत गेल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला दिवा चमकला की बटण दाबायचं. वहिनी मागे खुर्चीवर होत्या. त्यांना पडद्यावर दिवे दिसत होते, एकामागून एक, आणि नवऱ्याचा अंगठा स्थिर होता. तपासणी संपल्यावर कप्तान तिथल्या बाईंना म्हणाले, तुमचं मशीन मध्ये मध्ये बंद पडतं वाटतं.

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याचं फारसं काही उरलं नव्हतं, उजव्याची कड खात खात तो आत चालला होता. डॉक्टरांनी समजावलं की यात दुखत नाही, अंधार दिसत नाही, माणसाला काही कळतच नाही. जे गेलं आहे त्या जागी मन आपलं काहीतरी भरून घेतं. समोरची अक्षरं तर ते अजूनही खडाखडा वाचत होते. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे, तरी टिकेलच असं नाही. गाडीचा विषय डॉक्टर काढणार, तोच त्यांनी खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, ते माझ्याकडे द्यायचं नसतं. तरी त्यांनी ते उचललं नाही. शेवटी वहिनींनी पर्समध्ये टाकलं.

मुदतीला नऊ दिवस उरले होते. मी समितीला सांगून मुदत वाढवून घेऊ शकलो असतो. एक फोन पुरला असता. मी केला नाही. का, ते मलाही धड सांगता येत नाही. आपण लिहिलेल्या कागदाला माणूस किती चिकटून बसतो. त्याऐवजी मी बोट ढकलायला गेलो, जणू त्याने फिटंफाट होणार होती. वेल्डर, मी आणि शेजारचे दोघे. गाडी न जोडता हातांनी ढकलत बोट आत घातली. अकरा मिनिटं लागली. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच, वर अडीच इंच. सगळं माप त्यांनी काढलं होतं तसंच्या तसं उतरलं. ते वाटेच्या कडेला उभे होते. त्यांना हात लावा असं कुणी म्हटलं नाही, आणि तेही पुढे आले नाहीत.

“आली?” त्यांनी विचारलं.

“आली,” वेल्डर म्हणाला.

पुढे उन्हाळ्यात वेल्डरने तुटलेली कड सांधली, इंजिन परत बसवलं आणि एकदा आपल्या गाडीला जोडून बोट तळ्यावर नेली. मी गेलो नव्हतो. वहिनींकडून ऐकलं ते असं: पाणी शांत होतं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि चाळीस मिनिटं कप्तानांनी बोट चालवली. चेहऱ्यावर असं काही होतं, जे वहिनींनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं. मग डावीकडून एक म्हातारा छोटी होडी वल्हवत आला. वहिनींना तो केव्हाचा दिसत होता. त्यांना वाटलं, यांनाही दिसत असेल, एवढा मोठा माणूस, लाल टोपी घातलेला. शेवटच्या क्षणी वेल्डरने सुकाणूचं चाक ओढून घेतलं. म्हातारा शिव्या देत हिंदकळत राहिला. कप्तान उठले, मागच्या फळीवर जाऊन बसले आणि काठाला लागेपर्यंत मागे पडत जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. घरी येताना फक्त म्हणाले, विकून टाकू.

बोट महिन्याभरात गेली. घेणाऱ्याला तो खाली बसवलेला ट्रेलर फार आवडला. कुणी केलं हे काम, असं त्याने विचारलं तेव्हा कप्तानांनी वेल्डरकडे बोट दाखवलं, आणि ते बोट जरा भलतीकडेच गेलं.

गेल्या महिन्यात दुपारी ते एकटेच माझ्याकडे आले. चहा घेतला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, “नोकरीच्या शेवटच्या वर्षी माणसं अचानक बससमोर यायला लागली होती. मला वाटायचं, लोक बेफिकीर झालेत.”

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

“डेपोत जाऊन अपघातांची जुनी रजिस्टरं बघून आलो. माझ्या नावावर काही नाही.”

“मग झालं तर. उगाच कशाला डोक्यात घेता?”

“नोंद नाही म्हणजे कुणाला लागलंच नाही, असं नाही. मला दिसलं नसेल तर मी थांबलोही नसेन.”

पत्राबद्दल माफी मागावी असं पुष्कळदा मनात येतं, तेव्हाही आलं होतं. पण ज्या माणसाला पत्राचं काहीच वाटलेलं नाही, त्याच्यापुढे ते काढायचं म्हणजे स्वतःचंच ओझं त्याच्या खांद्यावर ठेवायचं. कप रिकामा झाला तेव्हा त्यांनी तो टेबलाच्या मधोमध, आधी दुसऱ्या हाताने जागा चाचपून, ठेवला.

डॉक्टरांनी परवा सांगितलं, उजवा डोळाही थेंबांना जुमानत नाही. संध्याकाळी दोघं फिरायला निघतात, वहिनी त्यांच्या डाव्या बाजूने. मी बाहेर असलो तर लांबूनच हाक मारतो, म्हणजे ते दचकत नाहीत. ते थांबतात, मान थोडी जास्तच वळवून मला शोधतात, आणि मी सापडेपर्यंत वहिनी रस्त्याकडे बघत उभ्या राहतात.