सत्यवानचा वाटा

आमचा सत्यवान आमदार आहे. तुमच्यासाठी साहेब, माझ्यासाठी धाकटा भाऊ, ज्याचं नाक मी पदराने पुसलंय. तेव्हा त्याच्याबद्दल मी जपून बोलावं, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

बाबा गेले तेव्हा तो शाळेत होता. आये डोक्यावर पाटी घेऊन मसुऱ्यापर्यंत मासे विकत फिरायची आणि हा पहाटे रापणीचा दोर ओढून मग शाळेत जायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. अख्खी वाडी दोराला लागते आणि मग माशांचे वाटे पडतात. कणकवलीला कॉलेजात गेल्यावरही सुट्टीत तो दोरावर असायचाच. मुंबईला गेलेली मंडळी घरबसल्या वाटा मागायची, ते त्याला खपेना. वाडीच्या बैठकीत हाच उभा राहिला.

"जो दोराक हात लावतलो, तेकाच वाटो," म्हणाला. "मगे तो कोणव असो."

हंगामात एकदाही दोराला न आलेल्याचा वाटा कायमचा बंद, असं ठरलं. तिथूनच तो पुढारी झाला म्हणा ना.

कामं केली हो त्याने, नाही कशाला म्हणू? वाडीपर्यंत डांबरी रस्ता आणला, खाडीवर पूल झाला, बाजारात मासे विकणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर आलं. किनाऱ्यालगत घुसणाऱ्या ट्रॉलरांवरून विधानसभेत तुटून पडला. सगळ्यांच्या गावांत पोचला, मेला आपल्याच घरी तेवढा येईना. आला तरी हार, नारळ, खुर्ची, की लगेच गाडी सुरू.

गेल्या हंगामात तो एकदाही दोराला आला नव्हता. मे सरत आला तेव्हा लवूतात्या, आमच्या रापणीचा म्होरक्या, घरी येऊन सांगून गेला: शेवटची रापण रविवारी, आणि नियम तुमच्या सत्यवानचाच, मी काय करू? आयेला माशांची हाव नव्हती. वाटा आहे तोवर झील, म्हणजे तिचा लेक, वाडीचा आहे, एवढंच तिला हवं होतं. ती मला रोज फोन करायला लावायची. साहेब बैठकीत आहेत, असं त्याचा पीए सांगायचा. त्याला एकदा मी चांगला सोलून काढला, तेव्हा कुठे सत्यवानचा फोन आला. येतो म्हणाला.

रविवारी आये उजाडायच्या आधीच वाळूत जाऊन बसली. माणसं दोर ओढत होती, आये रस्त्याकडे बघत होती. गाडी आली तेव्हा जाळं वाळूवर येऊन पडलं होतं. वाटेत दोन सत्कार झाले म्हणे. लवूतात्याने मायेनेच दोराचं टोक त्याच्या हातात दिलं, कोणीतरी फोटो काढले. मग तात्याने आयेच्या पाटीत बांगडे ओतले. वाडीतली माणसं आपापले वाटे उचलायला लागली.

आयेने पाटी उचलली आणि बांगडे परत ढिगावर ओतले.

"दोर ढिलो होतो रे बाबू," ती म्हणाली. "ह्यो वाटो आपलो नाय."

शाळेत मार खाऊन यायचा तेव्हा व्हायचं तसं त्याचं तोंड झालं. मी भांडायच्या तयारीत होते, पण मला रडूच फुटलं. तो आयेजवळ वाळूत बसला, तिचा हात धरला. मग फोन आला आणि तो गेला.

आता नवा हंगाम लागलाय. आमचा वाटा बंद आहे. तरी रापण ओढायला घेतली की आये पाटी न घेताच वाळूत जाऊन बसते, समुद्राकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून.