दोन पायथन

नंदनवन वस्तीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका रक्तदात्यांची नावं जमवतात. धंतोलीच्या दवाखान्यांत गावोगावचे पेशंट येतात आणि त्यांचे नातेवाईक काकांना फोन करतात. रक्तगटाप्रमाणे नाव चटकन सापडावं म्हणून काका निवृत्तीनंतर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले. कॉम्प्युटरशी ते बैलाशी बोलावं तसं बोलतात, आणि आलेली प्रत्येक एरर शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचतात.

परवा दुपारी मी वर त्यांच्याकडे असताना फोन आला. संध्याकाळच्या ऑपरेशनआधी ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. जुना कॉम्प्युटर बंद पडलेला; नव्यावर नावं होती, पण ती उघडायला पायथनला जोडावं लागणारं डेटाबेसचं मॉड्यूल नव्हतं. काकांनी ते टाकलं. इन्स्टॉल झाल्याचा निरोपही आला. तरी प्रोग्राम म्हणे, मॉड्यूल सापडत नाही. मी इंटरनेट, जागा, पासवर्ड एकेक करून तपासलं. सगळं ठीक.

"काहून अडून राहिला गा?" काकांनी स्क्रीनला दरडावलं. एररमधला फोल्डरचा पत्ता वाचता वाचता ते थबकले आणि मोठ्यानं हसले.

"ताई, दुकानदारानं हा कॉम्प्युटर देतानाच एक पायथन टाकलं, अन् मी घरी दुसरं! सामान एकाले देलं अन् सयपाक दुसऱ्याले सांगून राहिलो!"

त्यांनी मॉड्यूल दुसऱ्यातही टाकलं आणि प्रोग्राम चालवला. सरसर नावं उतरली. मी चक्क टाळ्या वाजवल्या. काकांनी तोवर पहिल्या नावाला फोन लावलाही होता.

"जेवला काय गा? जेवला? वा! मंग लाव गाडीले किक, धंतोलीले ये!"